पंगत, कचोरी आणि घड्याळ

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार. माघातली जया एकादशी. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताह सुरू होता. रात्री भाविकांना उपवासाची भगर आणि आमटी प्रसाद म्हणून वाढण्यात आली. त्यानंतर सोमठाणा आणि खापरखेड इथल्या लोकांना एकामागून एक पोटदुखी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. आजाऱ्यांची संख्या बघता बघता शेकड्यांत गेली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या खाटा पुरेनात. शेवटी माणसांना बाहेर उघड्यावर झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून, त्या दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवून उपचार करावे लागले.

त्या रात्रीची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. सुदैवाने रुग्ण सावरले आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडण्यात आले. प्रसादाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले. चार दिवसांनी चर्चा थांबली. पण बुलढाणा जिल्ह्यात पंगती काही थांबत नाहीत, आणि त्या थांबाव्यात असे कोणालाही वाटणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की एकत्र जेवण्याचा हा आनंद दोरीला टांगलेल्या सलाइनपर्यंत का पोहोचतो आणि ते कसे टाळता येते. त्याचे उत्तर बरेचसे घड्याळात आणि थोडेसे भांड्याच्या आकारात आहे.

वर्षभर चालणारी पंगत

जिल्ह्यातल्या माणसाला खाण्याचे कॅलेंडर वेगळे सांगावे लागत नाही. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला गर्दी लोटते. पौषात स्वामी विवेकानंदांच्या जयंती उत्सवात मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम इथे महाप्रसाद होतो. माघात गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगाव गजबजते आणि घरोघरी पिठले-भाकरी रांधली जाते. होळीनंतर सैलानीची यात्रा, अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी, आश्विनात देऊळगावराजाचा बालाजी उत्सव आणि कोजागरीपासून खामगावचा जगदंबा उत्सव. याशिवाय गावोगावचे सप्ताह, भंडारे, लग्ने, आणि नवस फेडताना मळ्यात किंवा देवळाजवळ होणारे रोडगे.

कोणत्या गाड्यावरची भजी चांगली, कुठल्या खानावळीत ठेचा खरा झणझणीत, कोणत्या गावच्या आचाऱ्याच्या हाताला चव आहे, हे इथल्या लोकांना तोंडपाठ असते. पण या कॅलेंडरात एक गोष्ट दडलेली आहे. जानेवारीच्या थंड रात्री जे अन्न पाच-सहा तास टिकल्यासारखे वाटते, तेच अन्न होळीनंतरच्या उन्हात दोन-तीन तासांत बिघडू शकते. पदार्थ तोच, आचारी तोच, फरक हवेच्या तापमानाचा. विषबाधा करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा मानवतो. त्यातही कोमट अन्न, म्हणजे साधारण ३० ते ४५ अंशांचे, त्यांना फारच सोयीचे. म्हणून अन्नसुरक्षेचा जगभरचा साधा नियम असा, की गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचे, थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचे आणि शिजलेले अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचे नाही.

दोनच तास का, हे साध्या हिशेबाने कळते. अनुकूल परिस्थितीत जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते असे धरू. एका तासात एकाचे आठ होतात, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत अडीच लाखांहून अधिक. पहिल्या दोन तासांत फारसे काही घडत नाही, सगळा घोळ नंतरच्या तासांत होतो. दुपारी चारला शिजवून रात्री दहाला वाढलेले अन्न म्हणजे नेमके हे सहा तास.

शेगावची कचोरी का टिकते?

हाच हिशेब सगळ्या पदार्थांना सारखा लागू होत नाही. त्याचे उत्तम उदाहरण जिल्ह्याच्या सर्वांत प्रसिद्ध खाऊत आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५०च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी ती दूरवर पोहोचवली. गाडीत बसून, तासाभराने किंवा दुसऱ्या गावी पोहोचल्यावर खाल्ली तरी चालते, हा गुण तिला प्रवासात फार उपयोगी पडला.

हा गुण पाण्याच्या अभावातून येतो. कचोरी मंद आचेवर बराच वेळ तळली जाते. तेलाचे तापमान १५० अंशांच्या आसपास वा त्याहून जास्त असते. मैद्याच्या पारीतले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. कढईत उठणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. आतले डाळीचे सारणही आधी मसाल्यांसह कोरडे परतलेले असते. जिवाणूंना वाढायला नुसते अन्न पुरत नाही, त्यांना मोकळे पाणी लागते. शास्त्रज्ञ हे मोकळे पाणी ० ते १ या मापात मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १. ते ०.८५च्या खाली गेले की रोग पसरवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. कोरडे फरसाण, शेव, खाकरा, कडक पुरी हे पदार्थ आठवडेच्या आठवडे टिकतात ते यामुळेच.

मात्र कचोरीचा हा कोरडेपणा आपणच घालवतो. गरम कचोरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की वाफ आतल्या आत थिजून पाणी होते आणि कुरकुरीत पारी ओली होते. वर्तमानपत्रात बांधली तर छपाईच्या शाईतले घटक तेलासोबत खाण्यात उतरतात. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, अशी सूचना भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिली आहे. आणि कचोरीसोबतची पाणीदार चटणी हा त्या ताटातला सर्वांत नाजूक पदार्थ. सकाळी वाटलेली, दिवसभर उघड्या भांड्यात ठेवलेली, वरून पाणी वाढवत नेलेली चटणी टाळून तळलेल्या मिरचीवर समाधान मानणे शहाणपणाचे.

तेलाचेही तसेच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे रेणू तुटतात, ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि नवी, अपायकारक संयुगे तयार होतात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. गिऱ्हाइकाकडे मोजण्याचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. काळपट, दाट झालेले, तापण्याआधीच धूर सोडणारे, वर फेस धरणारे तेल कढईत दिसले तर पुढच्या गाड्याकडे वळावे.

हिवरा आश्रमची पुरी, मळ्यातले रोडगे

हिवरा आश्रमच्या महाप्रसादात शेतात लांबच लांब पंगती बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढत नेली जाते. एवढ्या मोठ्या जनसमुदायाला जेवू घालताना पुरी-भाजीची निवड शास्त्राच्या दृष्टीनेही समजूतदार आहे. पुरी तळलेली, तुलनेने कोरडी. ती आधी तयार करून ठेवली तरी लवकर बिघडत नाही. पाणीदार पदार्थ एकच, भाजी. लक्ष ठेवायचे ते तिच्या वेळेवर. सगळी पंगत एकदम बसली की भाजी चुलीवरून थेट पानात जाते, कोमट होत पडून राहत नाही.

रोडग्यांचेही तसेच. कणकेचे गोळे गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात. बाहेरचे आवरण कडक, कोरडे होते. सोबतचे वरण आणि वांग्याची भाजी तिथेच रटरटत असते आणि माणसे चुलीभोवतीच जेवायला बसतात. पिठले-भाकरीतही तोच क्रम दिसतो. भाकरी कोरडी, पिठले गरम आणि तेवढ्यापुरते. जुन्या पाककृती कोणी प्रयोगशाळेत बसून ठरवल्या नाहीत. पण गर्दीसाठी कोरडे जास्त आणि ओले थोडे, तेही गरम, ही शिस्त त्यांच्यात अनुभवातून मुरलेली आहे.

भगर वेगळी का?

आता उपवासाच्या फराळाकडे. भगर म्हणजे वरई. बारीक दाण्याचे, पचायला हलके, पौष्टिक तृणधान्य. दोष धान्यात नाही. पण तिच्याभोवती तीन धोके एकत्र येऊ शकतात.

पहिला धोका शिजण्याआधीचा. दमट जागी साठवलेल्या भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते आणि तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होऊ शकतात. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी जवळ आली की राज्याचे अन्न व औषध प्रशासन याबाबत सावध करते. भगर पाकीटबंद घ्यावी, पाकिटावरची मुदत पाहावी, सुटी भगर वा सुटे पीठ घेऊ नये, घरी कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवावी, पीठ लागेल तेवढेच दळावे, असे ते सांगते. पिठाबाबतची सूचना विशेष महत्त्वाची. दाणा दळला की त्याचे संरक्षक आवरण जाते, हवेतला ओलावा शोषणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो आणि बुरशीला वाट मोकळी होते.

दुसरा धोका शिजल्यानंतरचा. भात, भगर, साबुदाणा अशा पिठूळ पदार्थांत बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात. ती मातीतून धान्यात येतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. भगर शिजली, आच बंद झाली, पदार्थ कोमट झाला, की ही बीजे जागी होतात. काही प्रकार अन्नातच विष तयार करतात. असे अन्न पोटात गेल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. दुसरा एक जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो आणि वाढप्याच्या हातून अन्नात उतरतो. त्याचेही विष साधारण तेवढ्याच वेळात उलट्या घडवते.

तिसरा धोका प्रसंगाचा. एकादशीला सारे गाव एकाच कढईतले, एकाच वेळी, तेही बहुधा रिकाम्या पोटी खाते. लग्नाच्या पंगतीत एखादी भाजी बिघडली तर ती काहींनी घेतलेली नसते. इथे पदार्थ दोनच, आणि ते सगळ्यांच्या पानात. चूक लहान असली तरी तिचा फटका गावभर बसतो.

मोठे भांडे लवकर थंड होत नाही

घरच्या पातेल्यातली भगर तासाभरात निवते, म्हणून सप्ताहाच्या कढईतलीही निवेल, असे वाटते. पण भांडे लांबी, रुंदी, उंचीला दुप्पट केले तर त्यात आठपट अन्न मावते आणि उष्णता बाहेर पडायला जागा मात्र चौपटच मिळते. म्हणजे निवायला वेळ निदान दुप्पट लागतो. भगरीसारख्या घट्ट पदार्थात तर उष्णता आतून कडेकडे हळूहळू सरकत येते, त्यामुळे हा वेळ चौपटीपर्यंत जाऊ शकतो. वरचा थर थंड, कडा थंड आणि मध्यभाग तासन्‌तास कोमट. वरून मोठे झाकण ठेवले की आत उबेची खोलीच तयार होते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जिवाणू अशा खोल भांड्यांतल्या डाळी-रश्श्यात ४५ अंशांच्या आसपास दहा मिनिटांतही दुप्पट होऊ शकतो. त्याने होणारे जुलाब सहा ते चोवीस तासांनी, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतात. तोवर पंगत उठून गेलेली असते.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘पुन्हा उकळी काढली की झाले’ हे अर्धेच खरे आहे. उकळीने जिवंत जिवाणू मरतात, पण बॅसिलस आणि स्टॅफिलोकोकस यांनी आधीच तयार केलेले विष उकळीने नष्ट होत नाही. त्याला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. म्हणूनच आचाऱ्याने किंवा पुजाऱ्याने आधी चव घेतली, काही वाटले नाही, म्हणून अन्न निर्धोक ठरत नाही.

खाताना काय पाहावे?

जत्रेत वा गावातल्या नव्या हॉटेलात जाताना खवय्याने चवीच्या चौकशीत चार प्रश्नांची भर घालावी.

पदार्थ समोर तयार होतोय की करून ठेवलेला आहे? कढईतून थेट ताटात येणारी भजी आणि तव्यावरून उतरलेली भाकरी यांची चिंता कमी. वाफ निघत नसलेला रस्सा, परातीत पसरलेला कोमट भात, सकाळची चटणी यांची जास्त.

पाणी आणि बर्फ कुठला? उन्हाळी यात्रांत उसाचा रस, सरबत आणि गोळा यांतून कावीळ आणि टायफॉइडसुद्धा पसरू शकतो. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक आहे. रसाच्या गाड्यावर निळसर लादी दिसली तर तो बर्फ माशांच्या पेटीसाठी आहे, पेल्यासाठी नाही.

पैसे घेणारा आणि वाढणारा हात एकच आहे का? नोटा हाताळून त्याच बोटांनी कांदा-कोथिंबीर भुरभुरली जात असेल तर कांद्याविना खावे.

गर्दी आहे का? गर्दीच्या ठिकाणी अन्न पडून राहत नाही, हा त्याचा फायदा. फक्त ताटल्या एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळून पुन्हा पुढे येत नाहीत ना, एवढे पाहावे.

सप्ताहाच्या मंडळींसाठी

गावच्या मंडळाला यासाठी मोठा खर्च नाही. वाढायची वेळ आधी ठरवावी आणि तिथून मागे मोजत शिजवायची वेळ ठरवावी. कीर्तन लांबले तर चूल उशिरा पेटवावी, अन्न लवकर उतरवू नये. एका महाकाय कढईऐवजी तीन-चार लहान भांड्यांत, टप्प्याटप्प्याने शिजवावे. पहिले भांडे संपत आले की दुसरे उतरेल असे पाहावे. आमटी मंद आचेवर शेवटपर्यंत उकळती ठेवावी. उरलेली भगर दुसऱ्या दिवशी वाटू नये. ज्याला उलट्या-जुलाब होत आहेत किंवा हाताला पिकलेली जखम आहे, त्याला त्या दिवशी वाढण्याऐवजी दुसरी सेवा द्यावी. साबण आणि पाण्याची टाकी चुलीजवळच असावी, मंडपाच्या टोकाला नको. धान्याची पावती आणि पाकिटे जपून ठेवावीत. दुर्दैवाने काही झालेच तर कारण शोधायला तीच उपयोगी पडतात. प्रसाद वाटणाऱ्या धार्मिक स्थळांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा ‘भोग’ नावाचा उपक्रमही आहे.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाबांत माणूस खचतो तो मुख्यतः पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिले औषध म्हणजे ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अंदाजाने वाढवू नये. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट-घोट द्यावे. लहान मुलांना जुलाब बांधणाऱ्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएससोबत झिंक दिले जाते. शौचातून रक्त, सतत उलटी, सहा-आठ तास लघवी न होणे, गुंगी, खोल गेलेले डोळे, धूसर दिसणे वा बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि मधुमेही यांच्याबाबत आणखी घाई करावी. एकाच पंगतीतल्या दोन-तीन घरांत त्रास सुरू झाल्याचे कळले, की उरलेले अन्न लगेच बाजूला ठेवून आरोग्य केंद्राला कळवावे. पहिले दहा रुग्ण असताना गेलेला फोन शंभराव्या रुग्णानंतर गेलेल्या फोनपेक्षा कितीतरी उपयोगाचा असतो. तेवढ्या वेळात सलाइन, डॉक्टर आणि शेजारच्या तालुक्यातल्या खाटांची सोय करता येते.

एकादशी दर पंधरा दिवसांनी येते. सप्ताहही होणार, भगर-आमटीही शिजणार. जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळात वर्गणीचा हिशेब ठेवणारा एक जण असतो, तसाच चूल कधी पेटली, कढई कधी उतरली आणि पंगत कधी बसली याची नोंद ठेवणाराही एक जण हवा. त्याला लागते ते एक घड्याळ आणि वहीतले एक पान.